परिषदेचं ठिकाण ठरवताना आधी सभागृह बघायचं की व्हिसा?

भिंगरी (धागा)
आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी सभागृह, हॉटेलं, विमानसेवा सगळं पारखलं जातं. सीमेवर कोणाला अडवतील, याचा विचार सगळ्यात शेवटी. माझ्या मते तो पहिला निकष हवा. १९९२ची एड्स परिषद बॉस्टनला ठरली होती. अमेरिका एचआयव्हीबाधितांना प्रवेश देत नव्हती, म्हणून ती ॲमस्टरडॅमला हलवली. बंदी २०१०मध्ये उठली, तेव्हा कुठे २०१२ची परिषद वॉशिंग्टनला भरली. तरीही २०२२मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या एड्स परिषदेला आफ्रिकेतले कितीतरी प्रतिनिधी व्हिसाअभावी मुकले. ज्यांच्या आजाराची चर्चा, तेच दाराबाहेर!

उंबरठा
असहमत. मोठ्या परिषदेचे करार काही वर्षं आधी होतात, राजकारण रातोरात फिरतं. २७ जानेवारी २०१७च्या अमेरिकी आदेशाने सात देशांतले लोक हातात व्हिसा असूनही अडकले. कोणता निकष हे आधी ओळखणार होता? आणि तारीख जवळ आली की रद्द करण्याची भरपाई चढत जाते. काही प्रतिनिधींचा व्हिसा नाकारला गेला, एवढ्यावर ‘दैवी आपत्ती’चं कलम (आवाक्याबाहेरच्या संकटात करारातून सुटका देणारं) सहसा लागू होत नाही. त्यापेक्षा अमुक तारखेपर्यंत हॉटेलातल्या राखीव खोल्या दंडाशिवाय कमी करता येतील, हे करारातच लिहून घ्या.

मोहोर
निम्मा दोष आयोजकांच्या वेळापत्रकाचा. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या अनेक देशांत एकच चालणारा) अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाला १५ दिवस, जास्त तपासणी निघाली तर ४५. अपॉइंटमेंट मिळायला लागणारा वेळ वेगळाच. मग निबंध स्वीकारल्याचं दोन महिने आधी कळवून काय उपयोग? निदान चार महिने तरी हवेत.
निमंत्रणपत्रंही मोघम असतात. पासपोर्टवर आहे तसंच नाव, पासपोर्ट क्रमांक, तारखा, परिषदेतली भूमिका हे सगळं हवं. ‘खर्च आयोजक करतील’ एवढ्याने भागत नाही. तिकीट कोणाचं, राहणं कोणाचं, हे वेगवेगळं लिहा.

गोदाम
माणसांबरोबर सामानही अडकतं, ते कोणीच बोललं नाही. प्रदर्शनाच्या यंत्रांना एटीए कार्नेट लागतं, म्हणजे सामान शुल्काशिवाय तात्पुरतं नेऊन परत आणायचा सीमाशुल्काचा कागद; मुदत एक वर्ष. यादीतला अनुक्रमांक यंत्रावरच्या क्रमांकाशी जुळला नाही की पेटी तिथेच थांबते. वाटायची माहितीपत्रकं, भेटवस्तू त्यात बसत नाहीत, कारण त्या परत येत नाहीत. परतताना कार्नेटवर सीमाशुल्क खात्याचा शिक्का घ्यायचा राहिला तर पुढे आयातशुल्काची मागणी येते. १ जानेवारी २०२१पासून ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यातही हे कागद सांभाळावे लागतात. आधी ट्रक थेट जायचे.

भिंगरी
मोहोर, पत्र कितीही नेटकं असलं तरी नकार देणारा देश नकार देतोच. उंबरठा, खोल्या कमी करून तुमचा पैसा वाचेल, पण रिकाम्या खुर्च्या त्याच लोकांच्या राहतील. आयसीएलआर ही संगणकशास्त्राची परिषद २०२३मध्ये रवांडातल्या किगालीला झाली. रवांडा २०१८पासून सर्व देशांच्या नागरिकांना उतरल्यावर व्हिसा देतो. मागच्या तीन परिषदांची नोंदणी पासपोर्टनिहाय मांडा आणि यजमान देशाच्या नियमांशी ताडून बघा. करार त्यानंतर.