मोठी सफाई केली की दुसऱ्या दिवशी मासे मरतात, पाणी तपासायच्या स्ट्रिपवर मात्र सगळं ठीक

तीनफुटी_टाकी

टाकी ३ × १ × १.२५ फूट. वाळू आणि लाकूड वजा जाता पाणी साधारण ८५ लिटर. अडीच वर्षं चालू आहे. मासे: १० निऑन टेट्रा (आता ६), ८ ब्लॅक स्कर्ट (आता ५), ३ एंजल, १ सकर, साधारण ९ इंची. हँग-ऑन फिल्टर आहे, शिवाय एअर पंपावर एक स्पंज. तापमान २८.

मार्चपासून तीनदा एकच प्रकार झाला. महिन्यातून एकदा मोठी सफाई असते, निम्मं पाणी काढून तळ सायफनने साफ करतो. त्याच रात्री मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, कल्ले लालभडक होतात आणि सकाळी दोन-तीन टेट्रा गेलेले असतात. एंजल आणि सकर दोन दिवसांत सावरतात. मधल्या तीन-चार आठवड्यांत एकही मासा मरत नाही. दर रविवारी १५ लिटर पाणी बदलतो, त्यानेही काही होत नाही.

रविवारचं पाणी आरओचं असतं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ४०. मोठ्या सफाईला तेवढं आरओ निघत नाही, म्हणून सोसायटीतलं टँकरचं, टीडीएस ७८०, पीएच ७.४. अँटी-क्लोरीन बादलीतच टाकतो. पूर्वी कॉर्पोरेशनचं पाणी यायचं तेव्हा हा त्रास नव्हता.

मागच्या सफाईच्या आदल्या दिवशीची स्ट्रिप: नायट्राइट ०, नायट्रेट ८० च्या आसपास, क्लोरीन ०, जीएच (कडकपणा) ८, केएच (कार्बोनेट क्षारता) ०, पीएच ६.२. टाकीचा टीडीएस २८०. नायट्राइट शून्य म्हणजे सायकल (जिवाणूंनी माशांच्या घाणीतल्या अमोनियाचा नायट्राइट आणि त्याचा नायट्रेट करणं) नीट चालू आहे ना? मग मरतात कशाने?

जाळी_आणि_बादली

पहिला संशय क्लोरीनवर. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर अंदाजाने टाकतात, एखाद्या खेपेला ती दुप्पटही पडते. बाजारातल्या पातळ अँटी-क्लोरीनपेक्षा हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे आणा. १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवा आणि १० लिटरला १ मिली टाका. पाण्याला ब्लीचिंगचा वास येत असेल तर २ मिली. थोडं जास्त पडलं तरी बिघडत नाही.

दुसरं म्हणजे डासांची लिक्विड मशीन. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो आणि त्या औषधातली पायरेथ्रॉइड गटातली द्रव्यं माशांना फार जहाल असतात. मशीन त्याच खोलीत असेल तर पंप बाहेर न्या किंवा मशीन बंद करा.

निळी_बाटली

कल्ले लाल म्हणजे कल्ल्यांत परजीवी असणार. मिथिलीन ब्लू टाका, १०० लिटरला एक मूठ खडे मीठ टाका आणि पाच दिवस दिवे बंद ठेवा.

केएच_शून्य

निळी बाटली तूर्त कपाटातच राहू द्या. परजीवी असते तर कॅलेंडर बघून सफाईच्याच रात्री मारले नसते. शिवाय मिथिलीन ब्लू फिल्टरमधल्या जिवाणूंना मारक आहे, आणि इथे तर जिवाणूंचीच तब्येत संशयास्पद आहे.

क्लोरीनचा मुद्दा तपासण्यासारखा आहे, पण क्लोरीन असतं तर पाणी भरल्यावर अर्ध्या-एक तासातच धावपळ दिसली असती. डासांची मशीन रोजच चालते, मग मासे फक्त सफाईनंतर का मरावेत?

उत्तर स्ट्रिपवरच आहे. केएच ०, म्हणजे पीएच धरून ठेवणारी क्षारता संपलेली, आणि पीएच ६.२ हा बहुधा त्या स्ट्रिपवरचा सर्वांत खालचा रंग, म्हणजे खरा पीएच त्याहून कमीही असू शकतो. दुसरी गोष्ट, तुम्ही दिलेल्या यादीत अमोनिया नाही. बहुतेक पाच-सहा पट्ट्यांच्या स्ट्रिपवर अमोनियाची पट्टी नसतेच. नायट्राइट शून्य दोन कारणांनी येतो: जिवाणू सगळं पचवतायत, किंवा पहिल्याच पायरीचे जिवाणू थंडावले आहेत आणि नायट्राइट तयारच होत नाही. तुमचं दुसरं दिसतंय.

मोठी सफाई तूर्त करू नका. आधी दोन गोष्टी मोजा.

१) टाकीतला अमोनिया, थेंबांच्या किटने. एपीआय कंपनीच्या किटमध्ये ५ मिली पाण्यात दोन्ही बाटल्यांचे ८-८ थेंब टाकून ५ मिनिटं थांबायचं असतं. रंग दिवसाच्या उजेडात, नळी पांढऱ्या कार्डाला टेकवून बघा. पिवळसर ट्यूबलाइटखाली हिरव्या छटा फसवतात.

२) टँकरच्या पाण्याचा पीएच, पण २४ तास एअरस्टोन लावल्यानंतर. टँकरचं पाणी बहुधा बोअरचं असतं आणि बोअरच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे ताजं पाणी मोजलं की आकडा खोटा कमी येतो. तो वायू उडून गेला की पीएच वर चढतो. त्याच पाण्याचं केएचही बघा.

तीनफुटी_टाकी

मोजलं. टाकीतला अमोनिया ८, म्हणजे कार्डावरचा शेवटचा गडद हिरवा. दोनदा केलं, तेच आलं. टँकरचं पाणी: ताजं असताना पीएच ७.४, २४ तासांनी ८.२. केएच १४. स्ट्रिप पुन्हा बघितली, केएच अजून ०. गंमत म्हणजे मासे आत्ता अगदी मजेत आहेत, खायला धावतात. ८ अमोनियात हे कसं शक्य आहे?

केएच_शून्य

शक्य आहे, कारण किट जो आकडा दाखवतं तो एकूण अमोनियाचा. पाण्यात त्याची दोन रूपं असतात. अमोनियम माशाला फारसं बाधत नाही. मुक्त अमोनिया मात्र कल्ले जाळतो. दोघांचं प्रमाण ठरतं पीएच आणि तापमानावर. २८ अंशांना पीएच ६.२ असेल तर मुक्त भाग जेमतेम ०.११ टक्के, पीएच ८ ला तोच साडेसहा टक्के.

आता तुमची सफाई आकड्यांत बघा. आधी एकूण ८, मुक्त अमोनिया सुमारे ०.००९ पीपीएम (मिग्रॅ प्रतिलिटर). मासे मजेत. निम्मं पाणी बदललं, एकूण ४ वर आला. पण नव्या पाण्याच्या केएचमुळे टाकीचं केएच ७ झालं आणि पीएच रात्रीतून ८ कडे सरकला. मुक्त अमोनिया ०.२६. एकूण निम्म्यावर आणि विषारी भाग २९ पट. ०.०५ च्या वर कल्ल्यांना इजा सुरू होते असं धरून चालतात, मग ०.२६ ला टेट्रा टिकणं कठीण. वर टीडीएस २८० वरून एकदम ५३० च्या घरात, तो धक्का वेगळाच. लाल कल्ले, वर येणं, रात्रीची वेळ, सगळं जुळतं. रात्रीच का, तर पाणी भरल्यावर त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून पीएच चढायला काही तास लागतात.

दर महिन्याला पुन्हा का होतं, तेही सांगतो. जिवाणू अमोनिया पचवताना केएच खातात. १ मिग्रॅ अमोनिया-नायट्रोजनमागे ७.१४ मिग्रॅ क्षारता (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) खर्च होते. तुमचं अन्न रोज दीड ग्रॅमच्या आसपास असेल, तर ८५ लिटरमध्ये रोज साधारण पाऊण मिग्रॅ प्रतिलिटर नायट्रोजन तयार होतो. केएच ७ म्हणजे १२५ मिग्रॅ प्रतिलिटर क्षारता. तीन आठवड्यांत संपतं, कारण दर रविवारचं आरओ ते आणखी पातळ करतं. केएच संपलं की पीएच घसरतो, साडेसहाच्या खाली जिवाणू मंदावतात आणि सहाच्या आसपास जवळजवळ थांबतात. मग अमोनिया साचत जातो, अमोनियमच्या रूपात, कुणालाही न दुखवता. तेवढ्यात महिना भरतो आणि तुम्ही टँकरचं पाणी ओतता.

कॉर्पोरेशनच्या पाण्याने दर आठवड्याला थोडं केएच मिळत होतं, म्हणून तेव्हा टाकी चालली. आरओमध्ये ते जवळपास नसतंच. "टीडीएस जितका कमी तितकं चांगलं" हे दुकानातलं वाक्य प्यायच्या पाण्याचं आहे.

आता उपाय. क्रम चुकवू नका: आधी अमोनिया खाली, मग पीएच वर. आज बेकिंग सोडा टाकलात तर सफाईची रात्र पुन्हा घडेल.

चार दिवस खायला काही घालू नका. मोठ्या माशांना काही होत नाही. या चार दिवसांत रोज २० लिटर काढून २० लिटर आरओच भरा, टँकरचं थेंबभरही नको. तापमान हाताने नाही, थर्मामीटरने जुळवा. एवढ्याने ८ चा सुमारे पावणेतीन होईल. सोबत पाव किलो झिओलाइट, कोळंबीच्या तलावांसाठी विकतात तेच, दाणेदार. पावडर घेऊ नका, पाणी दुधासारखं होतं. चांगलं धुऊन जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरच्या वाटेत ठेवा. अमोनियम ते ओढून घेतं. एअर पंप चोवीस तास चालू ठेवा.

अमोनिया १ च्या खाली आला की केएच चढवायला घ्या, दिवसाला १ अंश, जास्त नाही. १०० लिटरला १ अंशासाठी ३ ग्रॅम खायचा सोडा लागतो, म्हणजे तुम्हाला अडीच ग्रॅम. काट्यावर मोजा, चमच्याचा भरवसा नाही. मगभर पाण्यात विरघळवून अर्ध्या तासात थोडा थोडा ओता. केएच ४ झालं की थांबा.

जाळी_आणि_बादली

वरच्याला दोन जोड. झिओलाइट आत असताना मीठ अजिबात टाकायचं नाही. मिठाने झिओलाइट धुऊन निघतं, म्हणजे धरलेलं अमोनियम परत पाण्यात सोडतं. निळ्या बाटलीवाल्यांचा सल्ला आणि झिओलाइट एकत्र आले तर नवीन धागा उघडावा लागेल.

दुसरं, पीएच वर आला की जिवाणू जागे होतील, पण दोन्ही गट एकाच दिवशी नाही. अमोनियावाले आधी उठतात, नायट्राइटवाले मागून. त्यामुळे मधले आठ-दहा दिवस नायट्राइट दिसेल. रोज मोजा. ०.५ च्या वर गेला तर झिओलाइट काढून घ्या, मगच मीठ: १० लिटरला १ ग्रॅम, तुमच्या टाकीला ८–९ ग्रॅम. मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरू देत नाही. एवढ्याला पुरतं, मूठभर लागत नाही.

फिल्टरचा स्पंज या काळात धुवायचाच झाला तर काढलेल्या टाकीच्या पाण्यात पिळा. नळाखाली नको. आणि तळ एका वेळी एक-तृतीयांशच सायफन करा.

निळी_बाटली

झिओलाइट आणि मिठाचं हे माहीत नव्हतं. मुठीचा सल्ला मागे घेतो.

तीनफुटी_टाकी

समजलं. आज २० लिटर आरओ घातलं, अन्न बंद. तीन प्रश्न. पुढे कायम सोडाच टाकत राहायचा का? शिंपल्यांचा चुरा फिल्टरमध्ये ठेवला तर? आणि दुकानातून आणलेले नवे टेट्रा सफाई नसतानाही दोन दिवसांत मरत होते, त्याचंही कारण हेच का?

केएच_शून्य

सोडा फक्त उचलून धरायला. कायमचा मार्ग म्हणजे पाणी मिसळणं: दोन भाग आरओ, एक भाग टँकर. केएच साडेचार-पाच, टीडीएस २८५ च्या आसपास येईल, टेट्रा आणि एंजल दोघांनाही चालेल. ड्रमात मिसळून, हायपो टाकून, एक दिवस एअरस्टोन लावून ठेवायचं. दर रविवारी १५ ऐवजी २० लिटर बदला आणि महिन्याची "मोठी सफाई" हा प्रकारच बंद करा. टँकर बदलला की पाणी बदलतं, त्यामुळे दर खेपेला केएच मोजून प्रमाण ठरवा.

शिंपल्यांचा चुरा चालतो, पण तो आम्लातच विरघळतो. पीएच सातच्या वर गेला की जवळजवळ थांबतो. मूठभर पिशवीत ठेवा, विमा म्हणून. त्याच्या भरवशावर निव्वळ आरओ घालत राहू नका.

नव्या माशांचं: दुकानातलं पाणी बहुतेक ७.५ च्या वरचं असतं. तिथून १५ मिनिटं पिशवी तरंगवून ६ च्या पाण्यात सोडलं की क्षारांचा आणि पीएचचा धक्का एकत्र बसतो. हवेच्या नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब, तासभर, असं टाकीचं पाणी बादलीत पडू द्या. पण अमोनिया आणि नायट्राइट सलग दोन आठवडे शून्य दिसेपर्यंत नवा मासा आणायचाच नाही.

आणि सकर. टाकीतली बरीचशी घाण त्याचीच आहे आणि तो फुटाच्या पुढे वाढतो. मोठी टाकी असलेल्या कुणाला तरी द्या किंवा दुकानात परत करा. नदीत, तलावात सोडू नका, आपल्या नद्यांत तो आधीच पुरेसा माजलाय.

तीनफुटी_टाकी

पाचव्या दिवसाचे आकडे: अमोनिया ०.५ ते १ च्या मध्ये, पीएच ६.२, केएच ०, एकही मासा गेला नाही. आज संध्याकाळी पहिला अडीच ग्रॅम सोडा टाकतोय. काटा सोनाराच्या दुकानातल्यासारखा छोटा आणलाय, ०.०१ ग्रॅमचा.

केएच_शून्य

टाकल्यावर चार तासांनी आणि सकाळी पीएच मोजा. एका दिवसात अर्ध्या अंकापेक्षा जास्त चढला तर उद्याचा डोस निम्मा करा. अन्न परवापासून, एका वेळी दोन मिनिटांत संपेल एवढंच.