दक्षिण बेटावर चाकांवरचे घर : मित्रमंडळींसह केलेल्या कॅम्परव्हॅन प्रवासाचे अनुभव

रानवाटा (चर्चेचा हा धागा सुरू करणारी सदस्या)

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील प्रेक्षणीय स्थळांची वर्णने मराठीत पुष्कळ सापडतात, परंतु मित्रमंडळींसह कॅम्परव्हॅन घेऊन तिथल्या निर्जन भागातून जाताना रोजचा दिवस प्रत्यक्षात कसा चालतो, हे मला फारसे कुठे वाचायला मिळाले नाही. क्षेत्रफळाने हे बेट महाराष्ट्राच्या सुमारे निम्मे भरते आणि लोकसंख्या मात्र बारा लाखांच्या आसपास आहे. त्यातही मोठी वस्ती ख्राइस्टचर्च आणि पूर्व किनाऱ्याच्या पट्ट्यात असल्यामुळे पश्चिमेकडे वळले की एका गावातून निघाल्यावर दुसरे गाव येईपर्यंत फक्त अरण्य, नदी आणि रस्ता असतो. अशा भागात पाणी, झोप, सांडपाणी आणि परस्परांचे स्वभाव या सगळ्यांचा मेळ आपण कसा घातलात, ते सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. सुरुवात मीच करते.

आम्ही महाविद्यालयापासूनच्या मैत्रिणी. वानाकाहून हास्ट खिंडीमार्गे पश्चिम किनाऱ्यावर उतरणारा सहा क्रमांकाचा महामार्ग आम्ही मुद्दाम निवडला होता. खिंड अवघी ५६२ मीटर उंचीची आहे, तरी किनाऱ्यालगतचा सलग रस्ता तयार व्हायला १९६५ साल उजाडावे लागले. तिथली जंगले आणि पुराने फुगणाऱ्या नद्या पाहिल्यावर त्याचे कारण कोणी सांगावे लागत नाही. या वाटेवर एकेरी पूल वारंवार येतात. पुलाच्या तोंडाशी लाल कडेची गोल पाटी असेल आणि आपल्या दिशेचा बाण लहान व लाल असेल, तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचे. निळ्या चौकोनी पाटीवर आपला बाण मोठा व पांढरा असेल, तर पहिला हक्क आपला. हास्ट नदीवरचा एकेरी पूल सातशे मीटरांहून लांब असल्याने समोरची गाडी आल्यास थांबण्यासाठी त्याच्या मध्ये जागा करून ठेवलेल्या आहेत. चालवणारीच्या शेजारी बसणारीने पाटी मोठ्याने वाचायची, असा आमचा पहिल्या दिवसापासूनचा ठराव होता आणि तो शेवटपर्यंत पाळला गेला. रस्ता डावीकडून असल्याने आपल्याला सवय लागायला वेळ जात नाही, पण सात मीटर लांबीची गाडी वळणावर मागून किती जागा घेते, हे हाताला कळेपर्यंत शेजारणीचे डोळे फार मोलाचे ठरतात.

फोनला बराच काळ रेंज नव्हती. नकाशे आधीच उतरवून घेतले होते, त्यामुळे वाट शोधण्याचा प्रश्न आला नाही. घरच्यांना मात्र "आज संध्याकाळपर्यंत निरोप येणार नाही" असे रोज सकाळी कळवून निघणे आवश्यक आहे, असे मी आग्रहाने सांगेन.

पाणवठा

रानवाटाताईंनी सांडपाण्याचा उल्लेख केला आहे, म्हणून त्याविषयीच लिहितो. कारण या प्रवासातील स्वातंत्र्याचा पाया तोच आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

मुक्कामाच्या अधिकृत तळाबाहेर, मोकळ्या जागी गाडी लावून मुक्काम करण्याला तिथे 'फ्रीडम कॅम्पिंग' म्हणतात आणि त्यासाठी २०११ पासून स्वतंत्र कायदा आहे. २०२३ मध्ये तो अधिक कडक झाला. अशा बऱ्याच जागी आता फक्त प्रमाणित, स्वयंपूर्ण गाड्यांनाच राहता येते, आणि ते प्रमाणपत्र मिळण्यासाठी गाडीत पक्के बसवलेले शौचालय असावे लागते. सुटे, उचलून ठेवण्याचे शौचालय पुरत नाही. बिछाना घातलेला असतानाही ते वापरता आले पाहिजे, अशी अट आहे. शिवाय बाहेरून पाणी न घेता आणि सांडपाणी बाहेर न टाकता गाडीतील सर्वांचे किमान तीन दिवस निभावले पाहिजे. पाण्याचा किमान हिशेब माणशी रोज चार लिटर असा धरलेला आहे. चार लिटरांत पिणे, स्वयंपाक आणि भांडी उरकायची म्हणजे काय, याची कल्पना चार मित्रांनी निघण्यापूर्वीच करावी. आम्ही भांडी आधी कागदाने पुसून मग थोड्या पाण्यात धूत होतो आणि नळ सोडून ठेवून कोणीही दात घासायचे नाहीत, हा नियम होता.

आता प्रत्यक्ष काम. शौचालयाखालची टाकी गाडीच्या बाहेरच्या बाजूने, एक लहान दार उघडून ओढून काढता येते. ती चाकांवर ओढत 'डंप स्टेशन'पर्यंत, म्हणजे सांडपाणी ओतण्याच्या ठरलेल्या जागेपर्यंत न्यायची, तोटी बाहेर वळवायची आणि ओतताना हवेचे बटण अंगठ्याने दाबून धरायचे. बटण दाबले की हवा आत शिरते आणि मैला एकसंध धारेत, शिंतोडे न उडता जातो. त्यानंतर तिथल्याच नळाने टाकी दोनदा खळबळून, तळाशी थोडे पाणी आणि निळे रसायन घालून पुन्हा बसवायची. टाकी धुण्याचा नळ आणि पिण्याच्या पाण्याचा नळ वेगवेगळे असतात आणि त्यांवर तशा पाट्या असतात. हे काम आमच्यात पाळीने होत असे. एकाच मित्राच्या गळ्यात ते कायमचे बांधले, तर तिसऱ्या दिवशी तो मनातल्या मनात धुमसू लागतो आणि मग भांडण भलत्याच विषयावरून पेटते. मैत्री टिकवायची असेल, तर सर्वांत नकोसे काम सर्वांत समानतेने वाटावे.

धुके

पाणवठादादांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत आहे. एकच भर घालते : वसाहतींपासून दूर असलेले, तिथल्या संवर्धन खात्याचे साधे तळ आम्हाला फार आवडले. बहुतेक ठिकाणी वीज नसते, सोयी मोजक्या असतात, आणि काही ठिकाणी पाणी उकळून प्यावे लागते. पण असा तळ पुष्कळदा नदीच्या अगदी काठाशी असतो. पश्चिम किनाऱ्यावर आणि नैऋत्य कोपऱ्यातील फियोर्डलँडमध्ये मात्र 'सँडफ्लाय' नावाच्या बारीक काळ्या माश्यांची तयारी ठेवावी. चावतात त्या फक्त माद्या, दिवसाउजेडी आणि विशेषतः सकाळ-संध्याकाळ; अंधार पडला की बहुधा थांबतात. दार उघडून सामान काढण्याची कामे आम्ही एकदमच उरकत असू.

उत्तरायण

आमचा अनुभव हिवाळ्यातला आहे, त्यामुळे थोडा वेगळा वाटेल.

फियोर्डलँडमधील 'ते अनाऊ' या गावापासून 'मिलफर्ड साऊंड' या खाडीपर्यंतचे अंतर १२० किलोमीटरांच्या आतबाहेर आहे. नकाशावर ते दीड तासाचे वाटते, पण हिवाळ्यात त्याला अर्धा दिवस द्यावा. मे ते नोव्हेंबर या काळात पाटीवर तशी सूचना असेल, तेव्हा चाकांना लावायच्या साखळ्या गाडीत असणे सक्तीचे आहे. हिमकडे कोसळण्याचा धोका असला की रस्ता बंद केला जातो. आम्ही 'ते अनाऊ'ला पोहोचलो, त्या रात्री नेमके तसेच झाले. आमच्यातील दोघांना दुसऱ्या दिवशी पहाटेच निघून रस्ता उघडण्याची वाट घाटाच्या पायथ्याशी पाहायची होती. उरलेल्यांना गावातच थांबायचे होते. रात्री उशिरापर्यंत चर्चा झाली, आवाजही चढले. शेवटी ज्याला बर्फात गाडी चालवायची होती, त्याचा शब्द अंतिम मानावा असे ठरले. पुढे संपूर्ण प्रवासात हाच आमचा नियम झाला : वाट कोणती आणि निघायचे कधी, हे त्या दिवशीच्या चालकाने ठरवावे, जेवण, मुक्काम आणि बाकीचे सगळे इतरांनी.

साखळ्या लावण्याचा सराव आम्ही गावातल्या सपाट मोकळ्या जागेत केला. इंजिनाच्या जोरावर फिरणारी चाके पुढची की मागची, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे, साखळी त्याच चाकांना लागते. गोठलेल्या बोटांनी तिची कडी अडकवणे किती अवघड असते, ते घरात बसून समजत नाही. रबरी हातमोजे लोकरी मोज्यांवरून घातले की काम सोपे होते.

याच रस्त्यावरचा होमर बोगदा १९५४ मध्ये वाहतुकीला खुला झाला. खडकातून खोदलेला हा बोगदा सव्वा किलोमीटरच्या आसपास असून मिलफर्डच्या दिशेने तो चांगलाच उतरता आहे. तोंडाशी थांबावे लागले, तर 'किया' हे पहाडी पोपट हमखास येतात. आमच्या समोरच एकाने शेजारच्या गाडीच्या काचेभोवतीची रबरी पट्टी चोचीत धरली आणि डोके मागे खेचत, पाय रोवून, ती बोटभर उकलून काढली. पिसांचा रंग शेवाळी आणि पंख पसरले की आतून नारिंगी. हे पक्षी धोक्यात आलेले आहेत, त्यांना काहीही खाऊ घालू नये. माणसांच्या हातून खाण्याची सवय त्यांना रस्त्यावर आणते आणि तिथे ते चाकांखाली सापडतात.

अंगणवेल

विजेबद्दल थोडक्यात. गाडी तळावरच्या विजेला जोडलेली नसताना आतले साधे सॉकेट चालत नाहीत. दिवे, पाण्याचा पंप वगैरे गोष्टी बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. म्हणून अधूनमधून एखादी रात्र वीजजोडणी असलेल्या 'हॉलिडे पार्क'मध्ये घालवावी, कपडे धुवावेत, मनसोक्त अंघोळ करावी. केवळ रानातच राहण्याचा हट्ट गटातल्या सर्वांना झेपतोच असे नाही. डिझेलवर चालणाऱ्या गाडीला तिथे प्रत्येक किलोमीटरमागे रस्ता वापरण्याचा वेगळा कर लागतो, आणि भाड्याच्या गाडीत तो बहुधा शेवटी आपल्याकडूनच घेतला जातो. खर्च वाटून घेताना हे आधीच धरावे.

त्रिशंकू

मी आकाशनिरीक्षणाचा नाद असलेल्या मित्रांसह मार्च महिन्यात मॅकेन्झी खोऱ्यात गेलो होतो. आओराकी मॅकेन्झी हा ४,३०० चौरस किलोमीटरांहून मोठा प्रदेश २०१२ पासून आंतरराष्ट्रीय अंधारआकाश क्षेत्र म्हणून राखलेला आहे, आणि कॅम्परव्हॅनचे खरे सुख मला तिथेच मिळाले. मध्यरात्री आकाश स्वच्छ झाले की दार उघडायचे आणि निरीक्षणाला उभे राहायचे. परतीच्या रस्त्याची चिंता नाही.

आपल्याकडून दक्षिण क्षितिजालगत दिसणारा अगस्त्य तिथे जवळजवळ डोक्यावर होता. उत्तरेला मृग उलटे उभे होते आणि व्याध त्याच्याही वर. आग्नेयेकडून त्रिशंकू (सदर्न क्रॉस) हा तारकासमूह वर चढत होता, त्याच्या मागोमाग मित्र (अल्फा सेंटॉरी) हा तारा. मॅगेलनचे दोन्ही मेघ, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन लहान दीर्घिका, नुसत्या डोळ्यांनी इतके स्पष्ट दिसत होते की आमच्यातील एकाने प्रथम ते खरोखरीचे ढग समजून वाऱ्याची दिशा पाहिली. या अंधाराला गाडीतला एक दिवा पुरेसा मारक ठरतो. आम्ही आतल्या दिव्यांना लाल जिलेटिन कागद लावला होता आणि पडदे पूर्ण ओढल्याशिवाय दार उघडायचे नाही, असे ठरवले होते, कारण शेजारी थांबलेल्यांच्या डोळ्यांनाही अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटे लागलेली असतात.

सांजवेळ

वरील सर्व अनुभव तरुण मंडळींचे दिसतात, म्हणून आम्हा निवृत्त मित्रांचाही येथे नोंदवतो. चालकाच्या डोक्यावरील बिछान्यावर शिडीने चढणे आणि रात्री अंधारात उतरणे आमच्यापैकी कोणाच्याही गुडघ्यांना मानवणारे नव्हते. जेवणाचे मेज रोज खाली करून त्याचा पलंग बनवणेही कंटाळवाणे होते. त्यामुळे सहा जणांसाठी एक मोठी गाडी न घेता आम्ही कायम पलंग असलेल्या तीन लहान गाड्या घेतल्या. खर्च वाढला, पण प्रत्येक जोडप्याला स्वतःचे दार मिळाले. ज्याला पहाटे चहा हवा, त्याने तो कोणाचीही झोप न मोडता करून घेतला. लहान गाडी वाऱ्यातही सावरायला सोपी; कँटरबरीच्या मैदानात वायव्येचा जोरदार वारा सुटला, तेव्हा समोरून येणाऱ्या उंच गाड्या कशा डोलत होत्या, ते आम्ही पाहिले आणि वारा पडेपर्यंत एका गावात थांबलो.

भाड्याचा करार मात्र सर्वांनी मिळून वाचावा. क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्स कॅन्यनच्या रस्त्यावर भाड्याच्या गाड्यांचा विमा सहसा लागू होत नाही, आणि काही करारांत सर्वच कच्चे रस्ते वर्ज्य असतात. आमच्या करारात संवर्धन खात्याच्या तळापर्यंत जाणाऱ्या छोट्या कच्च्या रस्त्यांना तेवढी सूट होती. तिच्यामुळेच आम्हाला नदीकाठचे मुक्काम घेता आले. गाड्या घेण्यापूर्वी हा एक प्रश्न लेखी विचारून त्याचे उत्तर जवळ ठेवावे.