कंपनीच्या सहलीसाठी शनिवारवाड्याची भुताटकी : योग्य की अयोग्य?

धागालेखिका (मनुष्यबळ विभाग, पुणे)
आमच्या कंपनीची वर्षासहल दर वर्षी लोणावळ्याच्या रिसॉर्टवर जाते आणि रस्सीखेच व जेवण यांपलीकडे तिथे काहीच घडत नाही. यंदा सर्वांना शनिवारवाड्यात न्यावे, अंधार पडण्याआधी आतला भाग दाखवावा आणि मग बाहेरच्या पटांगणात बसून, पौर्णिमेच्या रात्री ‘काका, मला वाचवा’ अशी आरोळी ऐकू येते ही आख्यायिका रंगवून सांगावी, असा माझा प्रस्ताव आहे. इतिहासाकडे सहसा न वळणारी माणसेही अशा गोष्टीमुळे वाड्यात पाऊल टाकतील, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद (इतिहासाचे निवृत्त शिक्षक)
ताई, माझा स्पष्ट विरोध आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी, म्हणजे पगारी पहारेकरी शिपायांनी, ज्याला कापून काढले, तो नारायणराव पेशवा अवघा अठरा वर्षांचा होता आणि त्याची पत्नी गंगाबाई तेव्हा गरोदर होती. या खुनावर सहलीची करमणूक उभी करणे मला अशोभनीय वाटते. शिवाय १८२८च्या आगीत वाड्याच्या आतल्या बहुतेक इमारती जळून गेल्या असून आज जोती आणि तटबंदीच उरली आहे. त्यामुळे ‘इथेच मारले’ असे बोट दाखवून सांगितलेले बरेचसे रचलेले असते.

प्रतिसाद (वारसा-फेरी घेणारा)
सर, जोती उरली म्हणून सांगण्यासारखे काही उरले नाही, हे मला पटत नाही. दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवरचे अणकुचीदार खिळे हत्तीच्या मस्तकाच्या उंचीवर का ठोकले आहेत, हे विचारले की गप्पा मारणारा गटही थांबतो. नंतर नारायण दरवाजापाशी आलो आणि मृतदेह याच वाटेने बाहेर नेल्याचे सांगतात असे म्हटले, की पुढचे प्रश्न लोक स्वतःहून विचारतात. तेव्हा मी रामशास्त्री प्रभुण्यांकडे वळतो. सत्तेवर असलेल्या राघोबादादांना, म्हणजे नारायणरावाच्या काकांना, या खुनात दोषी ठरवणाऱ्या या न्यायाधीशाची हकिकत नोकरदार माणसे फार लक्ष देऊन ऐकतात, कारण वरिष्ठांसमोर खरे बोलण्याचा प्रसंग त्यांच्यावरही येतो.

प्रतिसाद (निवृत्त शिक्षक)
रामशास्त्र्यांविषयी अवश्य सांगा, त्याला माझी हरकत नाही. मात्र कंपनीच्या सहलीला ‘येत नाही’ असे साहेबांना सांगण्याची मुभा किती जणांना असते? माझ्या मुलीच्या कार्यालयाने अशाच एका सहलीत अंधारात माणूस दडवून किंकाळी फोडायला लावली होती. एक सहकारी घाबरून रडू लागली आणि त्याचे चित्रण दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या गटावर फिरले.

धागालेखिका
असला प्रकार मी होऊ देणार नाही. सहभाग ऐच्छिक राहील आणि तसे निमंत्रणातच लिहीन. परंतु आरोळीची आख्यायिका मी वगळणार नाही, कारण अडीचशे वर्षांनंतरही पुणेकरांना त्या खुनाची टोचणी आहे, हे तिच्यातूनच कळते.

प्रतिसाद (निवृत्त शिक्षक)
मग ती शेवटी सांगा, आधी खटला सांगा. क्रम उलटा ठेवलात तर माझा विरोध कायम आहे.