बोर्ड बदलण्याआधी डायोड तपासा

हार्ड ड्राइव्ह बंद पडला की 'त्याच मॉडेलच्या ड्राइव्हचा बोर्ड (सर्किट बोर्ड) काढून लावा' असा सल्ला दिला जातो. तो जुन्या ड्राइव्हपुरता ठीक होता. आता हेडचं (डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागाचं) कॅलिब्रेशन, म्हणजे त्याच ड्राइव्हपुरती जुळणी, बहुधा बोर्डवरच्या आठ पायांच्या रॉम चिपमध्ये असतं. ती नव्या बोर्डवर बसवली नाही तर ड्राइव्ह नुसता टकटक करतो.

त्याआधी एक बघाच. 12 व्होल्टच्या ड्राइव्हला चुकून लॅपटॉपचा 19 व्होल्टचा अडॅप्टर लागला असेल, तर अनेकदा पॉवर कनेक्टरजवळचा टीव्हीएस डायोड (जादा व्होल्टेजपासून बोर्डाला वाचवणारा छोटा भाग) शॉर्ट होतो. वीज बंद करून डायोडच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावा. रोध शून्याच्या आसपास आला तर दोष बहुतेक तिथेच. तो डायोड काढला की ड्राइव्ह फिरू शकतो, पण संरक्षण गेलेलं असतं, म्हणून लगेच डेटा उतरवून घ्या. वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र आधी ठरवा, डेटा हवा की बदली ड्राइव्ह. सोल्डरिंग केलेला बोर्ड दिसला की क्लेम नाकारला जाऊ शकतो.