उज्जीवन सभेनंतरचे नवे जीवन कशावरून ओळखावे?

जालनेकर:
ईस्टरपूर्वीच्या उपासकाळात आपल्या मंडळ्यांतून (चर्चमधून) उज्जीवन सभा, म्हणजे विश्वास पुन्हा जागवणाऱ्या सभा, होतात, विश्वासाच्या साक्षी दिल्या जातात आणि आपले जुने जीवन संपले असे अनेक जण सांगतात. त्यांच्या अश्रूंविषयी मला शंका नाही. परंतु ज्याची जमीन बळकावली किंवा मजुरी बुडवली, त्याच्या दारी गेल्याखेरीज ते नवे जीवन अपुरेच आहे, असे माझे ठाम मत आहे. बायबलमधील लूककृत शुभवर्तमानात जकातदार जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन देतो, त्यानंतरच त्याच्या घराला तारण प्राप्त झाल्याचे येशू सांगतो. १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ वसवलेल्या बेथेलमध्येही उपासनेच्या जोडीला शेती आणि शाळा होती.

बीडवासी:
आपण क्रम उलटा लावत आहात. जक्कय येशूला पाहण्यासाठी उंबराच्या झाडावर चढला असतानाच येशूने त्याला नावाने हाक मारली. हिशेब नंतर झाला. येशूबरोबर वधस्तंभावर खिळलेल्या अपराध्याला तर काही परत करण्यास वेळही उरला नव्हता, तरी त्याला सुखलोकाचे वचन मिळाले. आमच्याकडे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आहेत. हंगामभर कोपीत राहून परतलेला, दारू सोडून पुन्हा प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधील भाकर व द्राक्षारसाच्या विधीला, येऊ पाहणारा माणूस दारात उभा असताना आपण त्याच्याकडे आधी देण्याघेण्याचा हिशेब मागणार काय? कृपेला अशी अट घातली, तर ज्याच्याजवळ देण्यासारखे काही आहे त्यालाच ती मिळेल.

जालनेकर:
अंगावर उचल असलेल्या मजुराविषयी मी बोललोच नाही. त्याची मजुरी बुडवून उपासनेत पुढच्या बाकावर बसणाऱ्याविषयी मी बोलत आहे, आणि त्याला मंडळीत कोणी काही विचारत नाही.

लातूरची वाचक:
येशूचा शिष्य पेत्र याने प्रभूला तीनदा नाकारले, म्हणून तिबिर्य समुद्राच्या काठी त्याला प्रीतीविषयी तीनदा विचारण्यात आले आणि प्रत्येक उत्तरानंतर मेंढरांची जबाबदारी सोपवण्यात आली. मन पालटायला असा वेळ लागतो. एका सभेत ते पूर्ण झाले असे जाहीर करण्याची घाई मला खटकते. नवऱ्याची साक्ष खरी किती, हे पाळकांनी काही महिन्यांनी त्याच्या घरच्या बाईला विचारावे.

बीडवासी:
तिला अवश्य विचारावे. मात्र तिचे उत्तर प्रतिकूल आले म्हणून त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवण्यास माझा विरोध राहील, कारण आपण सांगितलेल्या त्याच प्रसंगात येशूने शिष्यांना आधी न्याहारी दिली आणि पेत्राला प्रश्न त्यानंतर विचारले.