लेन बंद करताना टेपर (गाड्यांना हळूहळू शेजारच्या लेनमध्ये वळवणारी तिरकी रांग) किती लांब, कोन (रस्त्यावर ठेवायचे शंकू) कोणत्या क्रमाने?

प्रश्न: ताशी ६० किमी वेगाच्या रस्त्यावर ३.५ मीटरची लेन बंद करायची आहे. नवीन कामगारांना नेमकं काय शिकवावं?

उत्तर: सूत्र पाठच करून घ्या. टेपरची लांबी म्हणजे लेनची रुंदी (मीटरमध्ये) गुणिले वेगाचा (ताशी किमीमध्ये) वर्ग, भागिले १५५. तुमचं उत्तर सुमारे ८१ मीटर (ताशी ६० किमीपर्यंतच्या वेगासाठीच हे सूत्र चालतं). दर १२ मीटरला एक, असे ८ कोन. आधी सूचनाफलक, मग वाहतुकीच्या दिशेने टेपर. काढताना बरोबर उलट. घाईत फलक आधी उचलले जातात आणि चालकासमोर अचानक कोन येतात.

दुसरं उत्तर: टेपरनंतरची मोकळी जागा मोकळीच ठेवा! तिथे डंपर, खडी काही नको. भरकटलेली गाडी थांबायला तेवढीच जागा असते. फलकाच्या पायावर वाळूची पोती ठेवा, दगड नकोत; धडकेत ते उडतात.

तिसरं उत्तर: झेंडेवाल्याने लेनमध्ये नाही, कडेला उभं राहावं, पळायची वाट आधी ठरवून. सावलीत तर अजिबात नको, जॅकेट दिसत नाही. अंधार पडल्यावर हेडलाइट लावून एकदा स्वतः गाडीतून जाऊन बघा. धुळीने माखलेली परावर्तक पट्टी दिवसा ठीक वाटते, रात्री दिसतच नाही.