मदत हवी आहे: जुन्या एलसीडी मॉनिटरचा मल्टिटच करतोय, स्क्रीनच्या मधल्या पट्ट्यात बोट दिसतच नाही

खटपट्या:
नमस्कार मंडळी. घरी एक 17 इंची जुना मॉनिटर पडून होता, 1280 बाय 1024 वाला चौकोनी, चालू स्थितीत. बायको जि. प. शाळेवर आहे, तिला चौथीच्या पोरांसाठी महाराष्ट्राच्या नकाशाचं कोडं हवंय, 36 जिल्हे बोटाने सरकवून जागेवर बसवायचे आणि चार पोरांनी एकाच वेळी. आत्ता एका माउसवरून मारामाऱ्या होतात. म्हणून मॉनिटर आडवा ठेवून खालून कॅमेऱ्याने बोटं ओळखायची असं ठरवलं.

आत्तापर्यंत काय केलंय ते सांगतो. पॅनल उघडून सगळ्यात मागचा पांढरा अपारदर्शक कागद (रिफ्लेक्टर) काढून टाकला, त्यातून काहीच आरपार जात नाही. बाकी जाड अॅक्रिलिक, डिफ्यूझर (प्रकाश पसरवणारी शीट), त्यावरच्या शीटा सगळं जागेवर आहे. पॅनलवर 3 मिमीची काच, काचेच्या कडेने 850 नॅनोमीटरचे इन्फ्रारेड एलईडी बसवलेत, त्यांचा प्रकाश काचेला समांतर जातो आणि बोट टेकलं की उजळतं. सात-सात एलईडीच्या चार माळा, प्रत्येक माळेला 47 ओहमचा रेझिस्टर, 12 व्होल्टचा अॅडॉप्टर. खाली खोक्यात साधारण 40 सेंमीवर पीएस3 आय कॅमेरा (प्लेस्टेशन 3 चा), त्याच्या लेन्समधली इन्फ्रारेड अडवणारी काच काढलेली आणि तिच्या जागी जुन्या फ्लॉपीच्या आतली काळी चकती कापून लावलीये. सॉफ्टवेअर सीसीव्ही (कम्युनिटी कोअर व्हिजन, कॅमेऱ्यातले उजळ ठिपके शोधून देतं).

आता अडचण अशी की स्क्रीनच्या वरच्या आणि खालच्या भागात बोटं झकास दिसतात, ठिपका येतो, आकडा लागतो, सरकवलं तर सरकतो पण, पण मधोमध एक आडवा पट्टा आहे साधारण चार-पाच बोटं रुंद त्यात बोट इतकं पुसट होतं की सीसीव्हीला सापडतच नाही, थ्रेशोल्ड (किती उजळ ठिपका धरायचा ती मर्यादा) खाली आणला तर नुसता कचरा दिसायला लागतो. आधी वाटलं कडेचा प्रकाश मध्यापर्यंत पोचत नसेल म्हणून माळा वाढवायच्या विचारात आहे, पण मग डाव्या-उजव्या कडेला, एलईडीच्या अगदी नाकासमोर पण त्या पट्ट्यात तसंच का होतं? कोणी केलंय का हे?

कॅथोड:
एवढा उपद्व्याप कशाला राव, यूएसबीची तयार इन्फ्रारेड फ्रेम मिळते ऑनलाइन. मॉनिटरवर चिकटवायची, वायर लावायची, विंडोजला कळतं लगेच.

खटपट्या:
माहितीये हो. पण पोरांना आत काय चालतं ते दाखवायचंय, झाकण उघडून. आणि आता उघडलाच आहे मॉनिटर.

शंकासुर:
खोलीत ऊन येतं का? सूर्यप्रकाशात आणि पिवळ्या तारेच्या बल्बमध्ये इन्फ्रारेड भरपूर असतं, ट्यूबलाइट किंवा एलईडी बल्बमध्ये नगण्य. पडदे ओढून बघा. आणि कॅमेऱ्याचं ऑटो गेन, ऑटो एक्स्पोजर (उजेड बघून आपोआप कमी-जास्त होणं) बंद केलंय ना? नाहीतर एक पोरगं हात आडवा धरेल आणि बाकीच्यांचे ठिपके गायब होतील.

हे नेहमी एफटीआयआरने करतात ना? जेफ हानने 2005 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात असताना दाखवलेलं ते. अॅक्रिलिकच्या आत प्रकाश कोंडायचा, बोट टेकलं की तिथून बाहेर पडतो. मी कॉलेजात प्रोजेक्टर लावून केलेलं, मस्त चालायचं.

खटपट्या:
ऊन नाही, रात्रीच करतो. ऑटो सगळं बंद आहे.

जुनाबाजार:
एफटीआयआर प्रोजेक्टरला छान. एलसीडीला नको, कोरडं बोट नीट चिकटत नाही म्हणून वर मऊ थर लागतो आणि त्या थरातून चित्र धूसर दिसतं. खटपट्यांनी जे केलंय, म्हणजे काचेच्या वरून प्रकाशाची चादर, ते एलसीडीसाठी जास्त बरं. खालून इन्फ्रारेड मारलं असतं तर पॅनलमधून दोनदा जावं लागलं असतं, इथे एकदाच जातं. पॅनलवर काळं चित्र असो की पांढरं, 850 ला फारसा फरक पडत नाही कारण त्या प्रकाशाला पॅनलचे पोलरायझर (प्रकाश गाळणारे थर) नीट अडवतच नाहीत, हा सगळा प्रकार जमतो तोच त्यामुळे.

आता तुमचा पट्टा. एलईडी अजिबात वाढवू नका. आधी एक करा, खोक्यातला कॅमेरा पाच-सहा सेंमी वर किंवा खाली सरकवा (स्क्रीनच्या वर-खाली म्हणतोय, जवळ-लांब नाही) आणि बघा पट्टा कुठे जातो. पट्टा तिथेच राहिला तर प्रकाशाची भानगड. कॅमेऱ्याच्या मागोमाग सरकला तर भानगड कोनाची, म्हणजे प्रिझम शीट. काय निघतं ते सांगा, मग पुढचं बोलू.

खटपट्या:
सरकला!! अगदी कॅमेऱ्याच्या समोर येऊन बसला. हे काय गौडबंगाल?

जुनाबाजार:
वाटलंच. डिफ्यूझरच्या वर एक चकचकीत शीट असते, नख फिरवलं तर एका बाजूला बारीक खरखर लागते, त्या तिच्यावरच्या प्रिझमच्या रांगा. बॅकलाइटचा (पॅनलमागच्या दिव्याचा) इकडेतिकडे जाणारा प्रकाश वळवून समोर बघणाऱ्याकडे पाठवायचा हे तिचं काम. त्यासाठी जो प्रकाश सपाट बाजूने सरळ 90 अंशात येतो त्याला ती दोनदा आपटून आल्यापावली परत पाठवते, तिरका येतो त्यालाच पुढे जाऊ देते. आता हेच उलटीकडून बघा. तुमचा कॅमेरा सपाट बाजूला आहे, म्हणजे नेमकं सरळ समोरून त्याला शीटच्या पलीकडचं दिसतच नाही, तिरकं दिसतं. रांगा आडव्या आहेत म्हणून पट्टा आडवा, आणि म्हणूनच डाव्या-उजव्या कडेपर्यंत तसाच जातो. थोडंफार पुसट दिसतं ते खालच्या डिफ्यूझरची कृपा.

खात्री करायची तर शीट काढून हातात धरा. खरखरीत बाजूने ट्यूबकडे बघितलं तर एकीच्या दोन ट्यूबा दिसतील, सपाट बाजूने सरळ बघितलं तर आरशासारखी चमकेल. काही पॅनलमध्ये अशा दोन शीटा एकमेकींना आडव्या असतात, दोन्ही काढा. डिफ्यूझर काढू नका, नाहीतर अॅक्रिलिकवरचे ठिपके चित्रात दिसतील.

काढताना दोन गोष्टी. पॅनलच्या कडेला ज्या पिवळट लवचिक पट्ट्या छोट्या बोर्डाला जोडलेल्या असतात त्यांना ताण देऊ नका, एक जरी फाटली तरी स्क्रीनचा तेवढा भाग कायमचा गेला, घरी जोडता येत नाही. बोर्ड मागे वळवून कॅमेऱ्याच्या वाटेत येत असेल तर फ्रेमला बाजूला स्क्रूने धरा, लोंबकळत ठेवू नका. आणि बॅकलाइट नळीवाला असेल (त्या वयाचा आहे म्हणजे असणारच) तर इन्व्हर्टरच्या (नळीला व्होल्ट देणारा बोर्ड) आउटपुटला चालू असताना हात लावायचा नाही, नळी पेटताना हजारच्या वर व्होल्ट असतात. पोरांना झाकण उघडून दाखवणार म्हणताय म्हणून मुद्दाम सांगतोय. नळीत पारा पण असतो.

खटपट्या:
काढली, एकच होती. पट्टा पूर्ण गेला, मध्येही ठिपका तसाच ठळक येतोय आणि चार बोटं एकदम ठेवली तरी चारही सापडतात. लाख धन्यवाद, मी उद्या पुण्यात तापकीर गल्लीत जाऊन आणखी एलईडी आणणार होतो. पण आता चित्र बरंच अंधुक झालंय, दिवसा वर्गात दिसेल असं वाटत नाही. रिफ्लेक्टर पण नाही, शीट पण नाही.

शंकासुर:
खोक्याला आतून पांढरा कागद लावा. काळा रंग दिलाय का?

खटपट्या:
दिलाय ना, काळाच. कॅमेरा आहे म्हणून.

जुनाबाजार:
शंकासुर बरोबर बोलतायत. मागे निसटणारा प्रकाश काळ्यात वाया जातोय, पांढऱ्यावरून निम्मा तरी परत येईल. तेवढ्याने भागलं नाही तर नळी आणि इन्व्हर्टर दोन्ही काढून टाका आणि खोक्याच्या आतल्या चारही भिंतींवर 12 व्होल्टची पांढरी एलईडी पट्टी लावा, तोंड तळाच्या पांढऱ्या कागदाकडे, पॅनलकडे नाही, नाहीतर ठिकठिकाणी चटके पडल्यासारखे डाग दिसतात. पांढऱ्या एलईडीतून इन्फ्रारेड जवळजवळ येत नाही आणि दिसणारा प्रकाश तुमची फ्लॉपी अडवतेच, त्यामुळे कॅमेऱ्याला त्रास नाही. हजार व्होल्टांची काळजीही मिटली. फक्त काही बोर्ड इन्व्हर्टरकडून उत्तर आलं नाही तर दोन सेकंदांत स्क्रीन बंद करतात, म्हणून आधी इन्व्हर्टरची वायर काढून नुसता मॉनिटर चालू करून बघा, टॉर्च मारली की चित्र दिसतं.

कोडं कशात लिहिताय? सीसीव्ही ठिपके टीयूआयओने (स्पर्शाची माहिती दुसऱ्या प्रोग्रामला पाठवायची ठरलेली पद्धत) 3333 पोर्टवर पाठवतं, पायथॉन येत असेल तर किवी (पायथॉनमध्ये स्पर्शाचे प्रोग्राम लिहायची लायब्ररी) ते थेट घेतं, वेगळं काही लागत नाही.

खटपट्या:
किवीच घेतो मग, पायथॉन थोडं येतं. इन्व्हर्टरची वायर काढून बघितली, मॉनिटर बंद होत नाहीये, टॉर्चच्या उजेडात चित्र दिसतंय. पट्टी किती मीटर लागेल?

जुनाबाजार:
खोक्याच्या आतला घेर मोजा आणि दोन फेऱ्या धरा. कापताना कात्रीची खूण बघून कापा.